पेकानच्या झाडांखालची माणसं

पवित्र गुरुवारी सकाळी लिओंतीनच्या स्वयंपाकघरात गंबोच्या रश्श्यासाठी आठ तऱ्हेचा पाला धुऊन निथळत ठेवला होता, आणि झेनोबी-आत्या त्या आठांवरून हटून बसली होती.

"आठ चालत नाहीत. सात कर, नाहीतर नऊ कर. आठांचा गंबो माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

"मग बस उपाशी," लिओंतीन म्हणाली. "मोहरी आहे, सलगम आहे, बीटाचा पाला, गाजराचा पाला, पालक, पार्सली, कांद्याची पात, कोबीची वरची पानं. बाजारात होतं नव्हतं ते सगळं उचललं मी."

"बाजारात काय मेलं मिळतंय! चराकडे जा. रानचुका आला असेल. तुझी आई अनवाणी जाऊन पदरभर घेऊन यायची."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईपुढे कोण डोकं फोडणार? लिओंतीन स्वतः एकसष्टची होती. बेल-ओंब्र मळ्याच्या मोठ्या घरात अडतीस वर्षं तिने चूल सांभाळली होती, परगण्यातल्या बड्या बड्या धेंडांनी तिच्या हातचं खाऊन बोटं चाटली होती. पण आत्याच्या लेखी ती अजून हात भाजून घेणारी पोरच. तिने सुरी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

चर उसाच्या कडेने जात होता. यंदा तिथे ऊस लावलाच नव्हता. रान उघडं पडलं होतं, आणि त्या उघड्या रानापलीकडे पेकानची तीन झाडं दिसत होती. झाडांच्या अलीकडे कालपासून दोन पिवळी यंत्रं येऊन उभी होती. यंत्रांवर कुणी नव्हतं. लिओंतीनने तिकडे एकदा पाहिलं आणि मग मुद्दाम खाली मान घालून चुका खुडू लागली.

त्या झाडांखाली त्यांची माणसं होती. मळ्यावर गुलाम म्हणून विकत आणलेली, मळ्यावरच मेलेली. पणजी मारी-झोझेफ होती, तिची दोन लेकरं होती, आणि कितीतरी अशी, ज्यांची नावं फक्त झेनोबी-आत्याला तोंडपाठ होती. त्यांच्यावर दगड कधीच नव्हते. लाकडी क्रूस होते, ते एका सालच्या उसाच्या आगीत जळून गेले. मग खूण उरली ती झाडांचीच. मळ्याची जुनी मालकीण, मादाम, होती तोवर नोव्हेंबरात मेणबत्त्या घेऊन तिथे जाता यायचं. ती गेली, तिचा पुतण्या मस्यू इलेर मालक झाला, आणि सहा वर्षांपूर्वी त्याने शेतरस्त्यावर साखळी लावली. आता ते रान त्याने रसायनांच्या कारखान्याला विकलं होतं.

ती परत आली तेव्हा व्हर्ना मेजाशी बसून आंदुई सॉसेजच्या चकत्या कापत होती. व्हर्ना म्हणजे लिओंतीनच्या धाकट्या भावाची, अल्सीडची मुलगी. आई लवकर गेली म्हणून ही पोर निम्मी लिओंतीनच्या हाताखाली वाढली. बाप्तिस्म्यालाही तिनेच मांडीवर घेतलं होतं, म्हणून व्हर्ना तिला नेनेन म्हणायची. आता न्यू ऑर्लीन्सला शाळेत शिकवत होती. काल आली तेव्हापासून तिच्या तोंडून धड चार वाक्यं निघाली नव्हती.

"नेनेन," ती एकदम म्हणाली, "बाबा येणार आहेत ना जेवायला?"

"दरवर्षी येतो. यंदा काय झालंय त्याला?"

"त्याला काही झालेलं नाही," आत्या खुर्चीतून म्हणाली. "झालंय ते आपल्याला. कुणीतरी वकिलाला लिहून दिलंय म्हणे, की तिथे कुणाला पुरलेलं नाही. आपल्याच घरातलं कुणीतरी. रविवारी चर्चच्या पायरीवर तीन बायकांनी माझ्याकडे पाठ फिरवली. चौऱ्याऐंशी वर्षांत माझ्याकडे पाठ फिरवायची कुणाची छाती झाली नव्हती."

"लोकांना काय, बोलायला विषय हवा."

"लोक नाही, लिओंतीन. अल्सीड. साखर कारखान्यात मस्यू इलेरशी कानगोष्टी करताना त्याला सगळ्यांनी पाहिलंय. लहानपणापासून आतल्या गाठीचा आहे तो."

लिओंतीन चुलीकडे वळली. कढईत तेल तापलं होतं, तिने त्यात पीठ सोडलं आणि ढवळायला लागली. एकदा पीठ पडलं की कढईसमोरून हलायचं नाही, कुणी मेलं तरी नाही, हे तिला आईने शिकवलं होतं. पीठ हळूहळू तांबूस झालं, मग विटकरी. तिने कांदा टाकला. भावाची बाजू घ्यावी असं तिच्या मनात होतं, पण काय बोलावं ते सुचेना. गेल्या दोन महिन्यांत अल्सीडही तिच्याकडे डोळा वर करून बघत नव्हता.

*

तो दुपारी आला, चर्चचा काळा कोट घालून, दाढी घोटून. दारातच थबकला.

"ये की," लिओंतीन म्हणाली. "आमंत्रण लागतं का तुला?"

"ताई, वास बाहेर रस्त्यापर्यंत येतोय."

"वासावर जनावरंही येतात," आत्या म्हणाली.

अल्सीडने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि खुर्ची ओढली. लिओंतीनने वाडग्यांत भात घातला, वर हिरवागार, काळपट हिरवा गंबो ओतला, डुकराच्या खारवलेल्या मांसाचा एकेक तुकडा प्रत्येकाला बघून वाढला. उद्या गुड फ्रायडेचा उपास, म्हणून आज पोटभर जेवायचं अशी रीत होती. प्रार्थना झाली. चौघंही खाली बघून जेवू लागली. दूर कुठेतरी इंजिनाची घरघर चालली होती. कारखान्याचे ट्रक नेहमीच जात-येत असत, कुणी लक्ष दिलं नाही.

"नऊ भाज्यांचा आहे," आत्या म्हणाली. "जितक्या भाज्या तितके नवे मित्र वर्षभरात. अल्सीडला यंदा गरज नाही. त्याला मोठे मोठे मित्र मिळालेत."

"आत्या, जेवू दे."

"जेव ना. मारी-झोझेफने हा गंबो चुलीवर उभं राहून मालकांना घातला आणि स्वतः कढईला लागलेलं खरवडून खाल्लं. तिच्या अंगावर आता यंत्र चालवणार आहेत. तू जेव."

व्हर्नाने चमचा खाली ठेवला. पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला आणि वाडग्याशेजारी उलगडला.

"बाबा, हे मी परगण्याच्या कोर्टातून आणलं. प्रतिज्ञापत्राची नक्कल आहे."

अल्सीडचा चेहरा उतरला. "घरात आणायची वस्तू होती ही?"

"कुठे न्यायची मग? 'आम्ही खाली सही करणारे जन्मापासून बेल-ओंब्र मळ्यावर राहत आहोत. सदर जमिनीत कोणतीही दफनभूमी नाही, आणि असल्याचं आम्ही कधी ऐकलेलं नाही.' कधी ऐकलेलं नाही, बाबा! मला तिथे खांद्यावर बसवून तुम्ही नेत होतात."

"पुरे."

"खाली नाव आहे. अल्सीड नार्सिस."

"हो, आहे! केली मी सही!" त्याने मेजावर हात आपटला. "ऐकलंत सगळ्यांनी? मी केली. आता तो कागद ठेव आत."

आत्याने छातीवर क्रूसाची खूण केली. "ऊठ माझ्या समोरून," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुझ्या पंगतीला मी जेवणार नाही."

अल्सीड उठला, पण दाराकडे गेला नाही. त्याने कागदाकडे हात नेला. व्हर्नाने कागद छातीशी धरला.

"ठेव म्हणतो ना! तुला हवं होतं ते झालं. माझ्या तोंडाला काळं फासून झालं. आणखी काय हवंय?"

"आणखी तुम्हीच सांगा. नेनेनला काय सांगून फसवलंत तुम्ही?"

"मी? ताईला?"

लिओंतीन पाण्याचा जग हातात धरून उभी होती. "मला कशाला मधे ओढतेस, पोरी?"

 व्हर्नाने बापाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नेनेन, दोन सह्या आहेत. वरची तुमची आहे. लिओंतीन नार्सिस बाप्तिस्त. तुमचंच अक्षर आहे. तो मोठा वळणाचा 'एल' मला ओळखू येतो."

लिओंतीनने जग खाली ठेवला. नीट ठेवला, पाणी सांडलं नाही.

"मी नाही केली."

"ताई," अल्सीड म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "मस्यू इलेरने मला कागद दाखवला तेव्हा तुझं नाव त्यावर आधीच होतं. मी म्हटलं, ताईने दिली आहे म्हणजे तिने काहीतरी विचार केला असेल. तू थोरली. तू जिथे बोट ठेवलंस तिथे मी आजवर नाही म्हटलंय का? तो म्हणाला, तुझ्या पोराला, लुसियेंला, नव्या कारखान्यात घेऊ. तेही होतं मनात, खोटं कशाला सांगू. पण तुझं नाव नसतं तर मी हात लावला नसता. आणि लोक बोलायला लागले तेव्हा म्हटलं, माझं नाव घेतायत ना, घेऊ देत. तुझं नको."

"मी नाही केली," लिओंतीन पुन्हा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आठवलं.

जानेवारी होता. मस्यू इलेर स्वतः तिच्या दारात आला होता, टोपी हातात घेऊन. मोठं घर आता पाहुण्यांना तिकीट लावून दाखवत होते. तिथल्या दुकानात विकायला पाककृतींचं पुस्तक काढतोय म्हणाला. लिओंतीन, तुझा गंबो त्यात नसेल तर पुस्तकाला काय अर्थ? परवानगीची सही हवी. कागद इंग्रजीत होता. तो घरच्या क्रिओल बोलीत असता तरी तिला सारखाच होता. मिशनच्या सिस्टरांनी तिला तिचं नाव तेवढं गिरवायला शिकवलं होतं, आणि त्यानंतर कापणीच्या हंगामात शाळा सुटली ती सुटलीच. अडतीस वर्षं मोठ्या घरात काढली, पण ही गोष्ट तिने कुणाला कळू दिली नव्हती. चर्चमध्ये ती प्रार्थनेचं पुस्तक उघडून धरायची, शेजारणीने पान उलटलं की उलटायची. नवऱ्याला ठाऊक होतं, तो गेला. अल्सीडला ठाऊक होतं असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि आताही त्याच्या चेहऱ्यावरून तसं दिसत नव्हतं.

ती आतल्या खोलीत गेली. पलंगाखालच्या पेटीतून, धुतलेल्या चादरींखालून, एक चोपडी घेऊन आली. मोठ्या घराचं रंगीत चित्र असलेली. मार्चमध्ये तिने स्वतः दुकानात जाऊन विकत घेतली होती.

"हे वाच," ती व्हर्नाला म्हणाली. "गंबोचं पान काढ. माझं नाव कुठे आहे ते दाखव."

व्हर्नाने पान काढलं. वाचलं. पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं.

"नेनेन, तुम्ही वाचलं नाहीत?"

"मला वाचता येत नाही."

सांगून झाल्यावर तिला वाटलं होतं की काहीतरी कोसळेल. कुणी हललंसुद्धा नाही. आत्या एकटक बघत राहिली.

"मोठ्याने वाच," लिओंतीन म्हणाली.

"'पवित्र गुरुवारचा हिरवा गंबो. बेल-ओंब्रच्या मादामची खास कृती. मादाम हा गंबो दरवर्षी स्वतःच्या हाताने...'" व्हर्ना थांबली.

"पुढे?"

"पुढे कृती आहे. तुमचं नाव नाही. कुठेच नाही, नेनेन."

"त्या बाईला अंडं उकडता येत नव्हतं," लिओंतीन म्हणाली आणि खुर्चीत बसली.

अल्सीड तिच्यामागे येऊन उभा राहिला. खांद्यावर हात ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. व्हर्ना रडायला लागली होती. तिला बापाला पकडायचं होतं, आणि हाती लागली होती नेनेन.

फक्त आत्याचा राग निवला नव्हता. "लाज वाटत होती तुला," ती म्हणाली. "मला विचारायला लाज, भावाला विचारायला लाज. त्या लाजेपायी तू मेलेल्यांना विकून बसलीस. अल्सीडने पोरासाठी केलं, तू कशासाठी केलंस? नाव छापून यावं म्हणून?"

"आत्या!" अल्सीड ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा.

"ओरडू नकोस," लिओंतीन म्हणाली. "ती खरं बोलतेय. हो, आत्या. नाव छापून यावं म्हणून."

आत्याने तोंड फिरवलं. बऱ्याच वेळाने तिने वाडगा स्वतःकडे ओढला आणि थंड झालेला गंबो खायला घेतला, शेवटच्या घासापर्यंत.

*

गुड फ्रायडेला कुणी जमिनीत लोखंड घालत नाही. घातलं तर माती रक्त ओकते, असं या नदीकाठी लहान मूलही सांगेल. त्या भरवशावर ती चौघं सकाळी निघाली. यंत्रं आज बंद असणार, मुकादमाला गाठू, कागद खोटा आहे म्हणून सांगू, सोमवारी कोर्ट उघडलं की तिथे जाऊ. अल्सीडने साखळी उचलून धरली. आत्या व्हर्नाच्या हाताला धरून खालून वाकून गेली.

पुढे झाडं नव्हती.

आदल्या दुपारी ती चौघं जेवत होती तेव्हाच काम उरकलं होतं. पेकानचे तीन बुंधे नदीच्या बाजूला ढिगात पडले होते, मुळं आकाशाकडे करून. खड्डे बुजवले होते. रान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट, ओलसर, तपकिरी. कुठेही काही नव्हतं, की ज्याला धरून म्हणावं, इथून दहा पावलं.

मुकादम टेक्सासचा होता, पिंगट केसांचा. तो ट्रकमधून उतरला. तोही त्या दिवशी फक्त पहाऱ्यावर होता. व्हर्नाने त्याला इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, तोच लिओंतीन पुढे झाली आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलली.

"त्या कागदावर माझं नाव आहे. मला वाचता येत नाही. मला खोटं सांगून घेतलंय ते. इथे आमची माणसं आहेत."

त्याने टोपी काढली. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "बाई, कागदाचं वकील बघतील. मला जमीन विकलीय म्हणून सांगितलं, तेवढं मला माहीत. पण कुणी कबर दाखवली तर तेवढा तुकडा सोडायचा, असा आमच्यात नियम आहे. दाखवा कुठे ते. मी आत्ता खुंट्या ठोकतो. सोमवारी माझ्या जागी दुसरा येईल, तो ऐकेल की नाही सांगता येत नाही."

सगळे आत्याकडे बघू लागले.

झेनोबी-आत्या काठी टेकत पुढे गेली. थांबली. नदीच्या बांधाकडे पाहिलं, मोठ्या घराच्या छपराकडे पाहिलं, डावीकडे वळली, पुन्हा उजवीकडे. तिचे ओठ हलत होते. नावं म्हणत होती की पावलं मोजत होती, कळत नव्हतं. एकदा ती बरीच लांब गेली आणि परत आली. मुकादमाने घड्याळ पाहिलं.

"इथे," ती म्हणाली आणि काठी मातीत रोवली. "इथून तिथपर्यंत."

त्याने चार खुंट्या ठोकल्या.

सोमवारी लिओंतीन कोर्टात गेली. कारकुनासमोर, रांगेतल्या दहा माणसांसमोर, तिने तेच सांगितलं जे तोवर चार माणसांनाच ठाऊक होतं. नवा कागद तयार झाला. व्हर्नाने तो तिला दोनदा वाचून दाखवला, मगच तिने सही केली. अल्सीडने खाली सही केली. कागद फायलीत सगळ्यात शेवटी लागला. विक्री तशीच राहिली. लुसियेंला नोकरी मिळाली नाही. बापाशी तो वर्षभर बोलला नाही. मोठ्या घराच्या दुकानात ती चोपडी विकली जातच राहिली. चार खुंट्यांभोवती कारखान्याने तारेचं कुंपण मात्र घातलं, अंगणाएवढं.

नोव्हेंबरात, कबरी साफ करायच्या सर्व संतांच्या दिवशी, त्यांना आत जायला परवानगी मिळाली. कारखान्याचे मनोरे तोवर अर्धे उभे राहिले होते. अल्सीडने गवत कापायचा कोयता आणला, लिओंतीनने चुन्याची बादली. रंगवायला क्रूस नव्हते, म्हणून ती कुंपणाचे खांब पांढरे करू लागली. आत्या घडीच्या खुर्चीवर बसून नावं घेत होती. मारी-झोझेफ. तिची सेलेस्तीन. तिचा एक दिवसाचा मुलगा.

नावं संपली तेव्हा लिओंतीन तिच्याजवळ जाऊन वाकली.

"आत्या, इथेच होती का गं ती?"

 म्हातारीने मांडीवरचा हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"काय माहीत," ती म्हणाली. "झाडं गेल्यावर मला कसं कळणार? तो माणूस घड्याळ बघत होता. नाही म्हटलं असतं तर एवढंसुद्धा मिळालं नसतं."

लिओंतीन उभी राहिली. कुंपणाच्या तारेतून पलीकडे बघितलं. तिकडेही गवत वाढलं होतं, कंबरेएवढं, थेट पहिल्या मनोऱ्यापर्यंत.

"अल्सीड," तिने हाक मारली. "आतलं झालं का?"

"झालं."

"मग बाहेरचं काप."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं.  फाटकातून बाहेर गेला आणि कोयता फिरवू लागला, कुंपणापासून दूर, आणखी दूर. व्हर्ना मागून कापलेलं गवत बाजूला सारत गेली. मनोऱ्याजवळच्या पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. मग हात हलवून ओरडायला लागला.

"काप तू," लिओंतीन म्हणाली आणि बादली उचलून त्यांच्यामागे निघाली.